देवाआधीची चाळणी

माझ्या नावाखाली ‘डेटा ॲनालिस्ट’ असं छापलेली व्हिजिटिंग कार्डं कंपनीने दिली, तेव्हा मी हौसेने ती आळीभर वाटली. दोन-तीन दिवसांनी सकाळी शेजारचे नाना दारात उभे. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली छोटी बाटली. मी विचारलं, ‘हे काय?’ नाना आवाज खाली आणून म्हणाले, ‘उपाशीपोटीची आहे. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत दिलात तरी चालेल.’

त्यांचा तरी काय दोष? आमच्या आळीत ॲनालिसिस म्हणजे साखर आहे की नाही ते सांगणं. मी बाटली परत केली, नानांना खुर्ची दिली आणि माझं काम सविस्तर समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर नाना म्हणाले, ‘म्हणजे दुकानात काय खपलं ते तुम्ही दुकानदारालाच सांगता? आणि तो वर पगार देतो?’ माझ्या धंद्याची इतकी नेमकी व्याख्या पुढे पुण्याच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मला ऐकायला मिळाली नाही.

आता निवृत्त झाले आहे, या दिवाळी अंकात पानं मिळाली आहेत, तर नानांना द्यायला मला तेव्हा सुचलं नाही ते उत्तर इथे देऊन टाकते. कोकम सरबताची बाटली खपली हे गल्ल्याला कळतं. पण ती घेणाऱ्याने आंबापोळीकडे हात नेऊन मागे घेतला, हे गल्ल्याला कळत नाही. बाटली कुठल्या वारी खपते, कशाबरोबर खपते, एकदा नेलेला माणूस पुन्हा येतो की तोंड लपवून पलीकडच्या फुटपाथने जातो, हे सगळं बिलांच्या ढिगाऱ्यात पडलेलं असतं. ते उकरून मालकाला सांगायचं, म्हणजे माल शिळा होत नाही, फडताळ रिकामं राहत नाही आणि मालक रात्री झोपतो. आकड्यांतून पैसा निघतो तो असा. त्यात जादू काही नाही. भांडी घासण्यापेक्षा थोडं स्वच्छ काम, इतकंच.

आमचे मालक म्हणजे अप्पा. कोकम, आमसुलं, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे, मिरगुंडं, मोदकाचं पीठ, असला कोकणमेवा करून विकणारी आमची कंपनी. कंपनी म्हणायचं, खरं तर एक कारखाना, तीन दुकानं आणि अप्पा. सत्तरी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद पडलेलं. ते का बाळगता असं विचारलं तर म्हणायचे, ‘कुणी मागितलं तर द्यायला.’

अप्पा कुठलाही मोठा निर्णय कौल लावल्याशिवाय घेत नसत. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे ग्रामदेवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. जमीन घेण्यापासून सून करण्यापर्यंत सगळं अप्पांनी असंच ठरवलं होतं, आणि सून खरोखरच चांगली निघाली होती.

मी आधी बिलिंगला होते. एक दिवस अप्पांनी बोलावलं. म्हणाले, ‘शैलाबाई, माझा भाचा म्हणतो आता सगळं डेटावर चालतं. मला पटतं. बारीकसारीक गोष्टींना देवाला तरी किती त्रास द्यायचा? लहानसहान असेल ते तुम्ही आकड्यांत बघा. मोठं असेल ते मी वर विचारतो.’ अशी मी देवाआधीची चाळणी म्हणून रुजू झाले. कार्डावर ते ‘डेटा ॲनालिस्ट’ असं आलं, जागा वाचावी म्हणून असेल.

भाचा म्हणजे चिन्मय. पुण्याला असतो, हुशार आहे, स्वभावाने गोड आहे आणि रत्नागिरीला फक्त आंब्याच्या दिवसांत येतो. सॉफ्टवेअर त्याने बसवलं. दर सोमवारी तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर उगवायचा आणि म्हणायचा, ‘मॅडम, या आठवड्याची इनसाइट काय?’ मी म्हणायचे, ‘पाऊस होता, कुणी आलं नाही.’ त्याला ते इनसाइट वाटत नसे.

त्याने पहिल्यांदा सुरू केलं ते गिऱ्हाइकांचं मत घेणं. बिल झालं की विचारायचं, ‘आमचा माल कसा वाटला?’ आणि उत्तर मशीनमध्ये टाइप करायचं. महिनाभराने सॉफ्टवेअरने निकाल दिला की मिरगुंडं ताबडतोब बंद करा, लोक फार नाराज आहेत. आता मिरगुंडं म्हणजे आमचा सगळ्यात खपाचा माल. मी उत्तरं उघडून पाहिली. ‘बरी आहेत.’ ‘खाण्यासारखी आहेत.’ ‘वाईट म्हणता येणार नाहीत.’ ‘आमच्या आईच्या हातची सर नाही, पण आता आई तरी कुठे आहे?’ हे शेवटचं उत्तर देणारे गृहस्थ दर शनिवारी चार पाकिटं नेत.

चिन्मय हळहळला. ‘मॅडम, तुमच्या गावात कुणीच खूश नाही हो.’

म्हटलं, ‘अरे, खूश नसते तर आले असते कशाला?’

मग मीच एक मोजपट्टी करून दिली. ‘बरं आहे’ याला पाच तारे, कारण याच्यावर रत्नागिरीत स्तुती नाही. ‘ठीक’ म्हटलं की चार. ‘मालकाला बोलवा’ याला साडेचार, कारण हा माणूस भांडायला का होईना, पुढच्या आठवड्यात नक्की येणार. आणि ‘अप्रतिम! फारच सुंदर!’ याला एक तारा. तोंडावर इतकं गोड बोलणारा पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. चिन्मयने हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये घातलं आणि त्यानंतर निकाल बिनचूक यायला लागले. पुण्याच्या कुठल्या तरी परिषदेत त्याने ही मोजपट्टी दाखवली म्हणे. तिथे लोक म्हणाले, ‘अप्रतिम!’ त्यावरून मी काय ते समजले.

दुसरं प्रकरण मोदकाच्या पिठाचं. आदल्या वर्षी कुठल्या तारखांना ते खपलं हे सॉफ्टवेअरने पाहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी बरोबर त्याच तारखांना तिन्ही दुकानांत पिठाच्या गोण्या येऊन पडल्या. गणपती मात्र अधिक महिन्यामुळे लांबले होते. सॉफ्टवेअरला कॅलेंडर ठाऊक होतं, पंचांग नव्हतं. पिठात किडे पडू नयेत म्हणून अप्पांनी कचेरीत रोज मोदक करायला लावले. गणपती आले तेव्हा नैवेद्याचा मोदक पाहून आमचा हिशेबनीस उठून बाहेर गेला. बाप्पाची क्षमा मागतो म्हणाला, पण आता नको.

तर अशा सगळ्या आकड्यांच्या गमतीजमतीत माझे दिवस चालले होते. त्यात एका हिवाळ्यात चिन्मयने आरे-वारेच्या दुकानाच्या दारावर माणसं मोजायचं यंत्र बसवलं.

हे दुकान किनाऱ्याच्या रस्त्यावर, वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर. खाली समुद्र, वर कातळ, मध्ये आमची पाटी. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या सगळ्या गाड्या पुढून जातात. यंत्र म्हणजे चौकटीवर एक लाल दिवा. माणूस आत आला की लुकलुकतो आणि मोजतो. कुत्री मोजली जाऊ नयेत म्हणून तो कमरेच्या उंचीवर लावला होता. शेजारचं वासरू मात्र दोनदा ग्राहक म्हणून नोंदलं गेलं.

आत आलेल्या माणसांपैकी किती जणांनी काही विकत घेतलं, या प्रमाणाला आमच्या धंद्यात कन्व्हर्जन म्हणतात. शहरातल्या दुकानाचं कन्व्हर्जन उत्तम होतं, कारण रत्नागिरीचा माणूस दुकानात उगाच शिरत नाही. शिरला तर घेऊनच निघतो, नाहीतर मालक ओळखीचा निघतो. आरे-वारेला मात्र माणसं जत्रेसारखी आणि गल्ला एकादशीसारखा. चिन्मयच्या पडद्यावर ते दुकान लालभडक झालं आणि खाली सल्ला आला: विक्रेता बदला.

विक्रेता म्हणजे संगीता. चाळिशीची, खालच्या वाडीतली, बोलायला मोकळी, हिशेबाला चोख. नवरा ट्रॉलरवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. मुलगी रत्नागिरीत नर्सिंगला. त्या घराचा कणा म्हणजे ही दुकानातली नोकरी होती, आणि हे मला, अप्पांना, वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्या लाल दिव्याला ठाऊक नव्हतं.

अप्पा दोन दिवस अस्वस्थ होते. ‘माणसं आत येतात आणि हिला ती पकडता येत नाहीत, म्हणजे हिच्यात खोट असेलही,’ म्हणाले. ‘पण कुणाच्या पोटावर उगाच पाय नको. हे तुमच्या चाळणीतून जाणारं काम नाही, शैलाबाई. पौर्णिमेला कौल लावू. डावा पडला तर तिला सांगू, बाई, दुसरीकडे बघ.’

तो रिपोर्ट माझ्या टेबलावरून गेला होता. मी म्हटलं, ‘पौर्णिमेपर्यंत मी तिथे जाऊन बसते. देवापुढे अर्धा आकडा कशाला न्यायचा?’ अप्पांना ही भाषा पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाऊन स्टुलावर बसले. संगीताने चहा दिला, पण हसली नाही. थोड्या वेळाने कोल्हापूरकडचा एक टेंपो ट्रॅव्हलर थांबला आणि त्यातून दहा-बारा बायका उतरल्या. लाल दिवा नुसता नाचायला लागला. मी मोठ्या आशेने पाहत होते. त्या बायकांनी सरबतांकडे पाहिलं नाही, आंबापोळीकडे पाहिलं नाही. सगळ्या एका विशिष्ट चालीने, लहान लहान पावलं टाकत, थेट काउंटरपाशी आल्या.

पुढची म्हणाली, ‘ओ ताई, बाथरूम हाय काय हितं? पोरीला लई घाईची लागलीया.’

संगीताने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागून एक आजीबाई पुढे घुसल्या. ‘पोरीला कुठली? मलाच लागलीया. दे बाई लवकर, न्हाईतर हितंच पंचाईत हुईल.’

संगीताने कोकमाच्या बरणीमागून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली.

दुकानाच्या मागे एक संडास-बाथरूम होतं, नोकरांसाठी. सड्यावर पाण्याची मारामार. टाकी टँकरने भरावी लागे. म्हणून अप्पांनी स्पष्ट बजावलं होतं की मागची खोली बाहेरच्या माणसाला उघडायची नाही. ‘मी सरबत विकायला बसलोय, गावचं पाणी उपसायला नाही,’ हे त्यांचं वाक्य मला पाठ होतं.

ट्रॅव्हलर गेला. विक्री शून्य. संगीता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘मॅडम, आता तुमी अप्पांना सांगा नायतर नका सांगू. पन मना सांगा, बाईमानूस दारात उबा ऱ्हाऊन पाय चोळताना दिसला तर नाय कसा म्हनायचा? पुरुषांचा काय, गाडी थांबवतात नि सुरूच्या झाडांआड जातात. बायांनी काय करायचा?’

‘आणि पाणी?’

‘घरना आनतंय.’ तिने बाहेर बोट दाखवलं. तिच्या स्कूटीच्या पायाशी पाण्याचे दोन कॅन होते. ‘अप्पांच्या टाकीला हात लावलेला नाय. देवाशप्पथ.’

मी चहा संपवला. खरं सांगितलं तर मालकाचा हुकूम मोडला म्हणून तिची नोकरी जाणार. नाही सांगितलं तर विक्री जमत नाही म्हणून जाणार. बाई भली म्हणून तिचे आकडे वाईट, असं हे त्रांगडं होतं. मला तिचं कौतुक वाटलं आणि अप्पांचा, चिन्मयचा आणि स्वतःचा मनापासून राग आला. पण रागाला रिपोर्टमध्ये रकाना नसतो.

म्हटलं, ‘संगीता, निदान मोजू तरी. किती जणी मागे जातात आणि किती जणी सरळ माल बघायला येतात, हे वेगळं करू.’ यंत्राला तो फरक कळत नव्हता. तेव्हा काउंटरवर एक वाडगा ठेवला आणि ठरवलं की मागे जाणाऱ्या प्रत्येक बाईमागे त्यात फणसाचा एक गरा टाकायचा. दिवसभर टाकले. संध्याकाळी बघते तर वाडगा रिकामा. परत येणाऱ्या बायका तो चवीला ठेवलाय असं समजून खात होत्या. आयुष्यात माझे आकडे पुष्कळांनी खोडले, पण खाल्ले ते पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवसापासून कोकमाच्या बिया टाकायला लागलो.

पण त्या खाल्लेल्या गऱ्यांनी मला विचारात पाडलं. आत जाताना एकीनेही वाडग्याकडे पाहिलं नव्हतं. बाहेर येताना मात्र सगळ्यांना तो दिसला होता. त्याच दिवशी कारखान्यातून खोके आले होते. आतल्या खोलीत जागा नाही म्हणून संगीताने ते मागच्या बोळात भिंतीला लावून रचले होते, आणि वरचे दोन-तीन उघडे होते. दुपारी एक बाई मागून आली ती हातात आंबापोळीची दोन पाकिटं घेऊन. ‘ही विकायची आहेत ना?’ म्हणाली.

मग मी आणि संगीताने कंबर कसली. सगळा चांगला माल त्या बोळात मांडला. तोही असा, की आत जाताना पाठमोरा दिसेल आणि परत येताना समोर येईल. कारण जाताना माणूस काहीच बघत नाही. त्याला जगात एकच गोष्ट दिसत असते. परत येताना मात्र त्याची घाई संपलेली असते, चेहऱ्यावर शांती असते आणि तो सगळ्या सृष्टीकडे प्रेमाने बघतो. अशा माणसाला कोकम सरबत विकायला शब्द खर्च करावे लागत नाहीत. शिवाय त्याच्या मनात थोडी भीडही असते की एवढं पाणी वापरलं, तर निदान आमसुलं तरी न्यावीत.

पंधरवडाभर बिया मोजल्या. नुसतं बघायला येणाऱ्यांची खरेदी होती तेवढीच राहिली. मागे जाऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याअधिक बायकांच्या हातात काही ना काही असायचं. माझ्या सबंध नोकरीत मी लावलेला सगळ्यात मोठा शोध हाच, आणि तो कुठल्याही परिषदेत सांगण्यासारखा नाही. आता हे काम पुण्याहून चालतं. तिथल्या मुलांना दार दिसतं, बोळ दिसत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पौर्णिमा आली. देऊळ दुकानाखालच्या उतारावर, हाकेच्या अंतरावर. अप्पा आले, मी लॅपटॉप घेऊन आले. संगीता दुकानात होती. तिला सगळं माहीत होतं आणि सकाळपासून तिने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. चिन्मय अप्पांच्या फोनवरून व्हिडिओने हजर होता. पण फोनचं कव्हर चामड्याचं, म्हणून दाजी गुरवांनी त्याला देवळाबाहेर चपलांशेजारी ठेवायला लावलं. ‘मामा, मला फक्त पत्रा दिसतोय,’ असा त्याचा आवाज अधूनमधून येत होता.

दाजींनी पाकळ्या भिजवून देवाला लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

‘बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुजा लेकरू तुज्या पायाशी हुबा ऱ्हायलाय...’

‘व्हय म्हाराजा!’ जमलेली चार माणसं म्हणाली.

‘त्याने आपल्या दुकानाच्या दारावर येक लाल डोळा बशिवलाय...’

‘व्हय म्हाराजा!’

‘त्या डोळ्याफुडनं मानसां आत जातात, पन त्यांचा... काय वो बाय तां?’

‘कन्व्हर्जन,’ मी म्हटलं.

‘त्यांचा कन्व्हर्जन होत नाय, म्हाराजा! कुनाची नजर असंल, कुनाची करनी असंल, ती बारा वाटांनी दूर कर म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

मग दाजी आमच्याकडे वळले. ‘आनखी काय असंल तर आत्ताच सांगा. देवाफुडं अर्धवट ठेवू नका.’

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. बायका, किल्ली, घरून आणलेलं पाणी, बोळ, बिया, आणि निम्म्याअधिक हातांतली पाकिटं. दाजींनी तेही लगोलग गाऱ्हाण्यात घातलं. ‘परगावच्या लेकीबाळींस वाटेत नड लागते, म्हाराजा, ती ही बाय भागिवते...’ आणि सवयीने अप्पाच सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’

मग त्यांच्या लक्षात आलं. देवासमोर ओरडता येत नव्हतं, म्हणून ते अगदी हळू बोलले. ‘माझा शब्द मोडला तिने. मला न विचारता.’ त्या हळू आवाजाची मला जास्त भीती वाटली. ‘आकडे असू देत तुमचे. आता तो सांगेल. उजवा तर राहील, डावा तर जाईल.’

सगळे पाकळ्यांकडे बघत बसलो. पाकळ्या हलेनात. दाजी म्हणाले, ‘देव इचार करतोय.’ चपलांजवळून चिन्मयने विचारलं, ‘लोड होतंय का?’

बराच वेळ गेला. कौल मागणाऱ्याने जागेवरून हलायचं नसतं. अप्पांना साखरेचा त्रास, त्यात सकाळपासून दोन चहा आणि वाटेत एका घरी शहाळं झालेलं. आधी त्यांनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. मग उगाच खांबाला हात लावला. मग जागच्या जागी लहान लहान पावलं टाकायला लागले. पंधरवडाभर दाराशी बसून ती चाल मी लांबून ओळखायला शिकले होते.

‘दाजी,’ अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘मागे काही सोय...?’

‘मागं नारळीचं आगर हाय. पन आज थंय महिला मंडळाची पंगत हाय.’

अप्पांनी देवाकडे पाहिलं, हात जोडले आणि उतार चढायला लागले. या वयात त्यांना इतकं भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं. मी मागोमाग धावले. दुकानात शिरताना लाल दिवा लुकलुकला.

संगीता काउंटरमागे ताठ उभी होती. अप्पांचा तो चेहरा बघून तिने निकाल ओळखला, निदान तिला तसं वाटलं. अप्पांनी फक्त हात पुढे केला आणि म्हणाले, ‘किल्ली.’

तिचे डोळे भरून आले. तिने गळ्यातून दुकानाच्या शटरची किल्ली काढली, दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, ‘काय चुकला असंल तर माफी करा, अप्पा.’

‘ही नव्हे गो बाई!’ अप्पा जवळजवळ किंचाळले. ‘मागची! मागची!’

अप्पा आत गेले. बाहेर आम्ही दोघी. ती रडत होती आणि मला हसू आवरत नव्हतं, मग तिलाही आवरेना.

थोड्या वेळाने ते बोळातून परत आले, सावकाश. चेहऱ्यावर ती शांती होती. उभ्या आयुष्यात त्यांनी आपला माल गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिला नव्हता. ते थांबले, एक बाटली उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. दुसरी उचलली. ‘बरं मांडलंय,’ म्हणाले. माझ्या मोजपट्टीत याला पाच तारे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दाजी होते. ‘पाकळ्या तशाच हायत. देव थांबलाय. अप्पांना म्हनावं, लवकर या.’

अप्पांनी फोन घेतला. संगीताकडे पाहिलं, मग दाराबाहेर स्कूटीच्या पायाशी असलेल्या त्या दोन कॅनांकडे पाहिलं. ‘दाजी, देवाला सांग, प्रश्न मागे घेतला.’

‘असा नाय घेता येत, अप्पा. मागं घेवाचा तर नारळ लागतो.’

काउंटरशेजारच्या टोपलीत नारळ होते. अप्पांनी एक उचलला, कानाशी हलवून पाहिला आणि दाराकडे निघाले.

‘अप्पा,’ संगीता डोळे पुसत म्हणाली, ‘बिल?’

अप्पा वळले. मला वाटलं, आता भडका उडणार. पण त्यांनी खिशातून नोट काढून काउंटरवर ठेवली. संगीताने गल्ला उघडला, बंद केला. ‘सुट्टे नायत,’ म्हणाली, आणि उरलेल्या पैशांची आमसुलांची पुडी त्यांच्या हातात ठेवली. मालक ती पुडी मुकाट्याने घेऊन देवळाकडे चालू लागले.